अँटेना : टीव्हीचं छापील वेळापत्रक विकत घ्यावं का?

प्रश्न : डिसेंबरात आम्ही उभयता मुलीकडे इंग्लंडात, लेस्टरला होतो. जावईबापूंनी दुकानातून ‘रेडिओ टाइम्स’ नावाचा जाडजूड अंक आणला. दोन आठवड्यांचा टीव्ही त्यात दिवसवार, वेळेनुसार छापलेला. घरातल्या प्रत्येकानं वेगळ्या रंगाच्या पेनानं आपापल्या कार्यक्रमाभोवती गोल काढला आणि रिमोटवरून एकदाही वाद झाला नाही. मला ही पद्धत फार आवडली. आपल्याकडे असं साप्ताहिक मिळतं का? मुलगी म्हणते, तिथलंच वर्षभर पाठवते. आमच्या सौभाग्यवतींना सेट टॉप बॉक्सवरचं गाईड वाचता येत नाही, अक्षर बारीक आणि बटणंही बारीक. वर्गणी भरावी का?
(एक निवृत्त बँक कर्मचारी, मुरारजी पेठ, सोलापूर)

उत्तर : साहेब, आधी मुलीला फोन करून थांबवा. ‘रेडिओ टाइम्स’ तिथल्या दुकानात मंगळवारी येतो आणि त्यातला आठवडा शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो. टपालानं तो तुमच्या दारात पडेपर्यंत त्यातले बहुतेक कार्यक्रम होऊन गेलेले असणार, आणि जे उरतील ते मुरारजी पेठेत दिसणारच नाहीत. लेस्टरला परवा रात्री नऊला काय लागलं होतं हे वाचायला पौंड मोजायची हौस असेल तर प्रश्नच मिटला. मुलीनं स्वतःच्या घरी नाताळचा तो दोन आठवड्यांचा अंक मात्र जरूर घ्यावा. त्यात पैसे वसूल आहेत, आणि का आहेत ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

हा अंक जन्मला तो भांडणातून. बीबीसी रेडिओ नवा होता तेव्हा तिथले पेपरवाले म्हणाले, तुमचे कार्यक्रम छापायचे तर जाहिरातीसारखे पैसे टाका. बीबीसीनं आपलंच साप्ताहिक काढलं, २८ सप्टेंबर १९२३ ला, दोन पेन्स किमतीचं. पुढं १९५५ मध्ये दुसरी वाहिनी आयटीव्ही आली, तिनं आपलं ‘टीव्ही टाइम्स’ काढलं. आणि मग गंमत पाहा, १९९१ च्या मार्चपर्यंत यानं त्याचं आठवड्याचं वेळापत्रक छापायचं नाही आणि त्यानं याचं छापायचं नाही. दोन्ही बघणाऱ्या घरानं दोन अंक विकत घ्यायचे! त्या काळात, १९८८ च्या नाताळात, ‘रेडिओ टाइम्स’च्या एका अंकाच्या १ कोटी १२ लाख प्रती खपल्या. पुढं २०११ मध्ये बीबीसीनं तो विकला, आज त्याची मालकी जर्मनीच्या बुर्डा कंपनीकडे आहे. तरी तो चालतो. लोक म्हणतात, इंग्रजांना जुन्याचं वेड. मला ते पटत नाही. तो चालतो कारण तिथल्या मोठ्या वाहिन्या मोजक्या आहेत, देशभर त्याच आहेत, आणि नाताळात नऊ वाजता लावू म्हणून जे आधी जाहीर केलं ते साधारण नऊलाच लागतं. तुमच्या जावईबापूंनी काढलेला गोल पंधरा दिवस खरा राहिला, यात छापणाऱ्याइतकंच श्रेय दाखवणाऱ्याचं आहे.

आता अमेरिकेकडे बघा, म्हणजे दुसरी बाजू कळेल. तिथं ‘टीव्ही गाईड’ ३ एप्रिल १९५३ ला देशभर सुरू झालं, पहिल्याच दिवशी दहा वेगवेगळ्या आवृत्त्यांत, कारण प्रत्येक भागातली स्टेशनं वेगळी. १९७० च्या दशकात ते आठवड्याला दोन कोटींच्या आसपास खपायचं. मग केबल आली. गावागावात वाहिन्या वेगळ्या, त्यांचे क्रमांक वेगळे, संख्या शेकड्यात. आवृत्त्या वाढत वाढत शंभराच्या पुढं गेल्या. शेवटी २००५ मध्ये त्यांनी गावोगावचं वेळापत्रक छापणंच सोडलं, आणि २००८ मध्ये ते साप्ताहिक एका डॉलरला विकलं गेलं. त्याच साप्ताहिकाची एक प्रत घ्यायला तेव्हा त्याहून जास्त पैसे लागत.

आपलं सोलापूर या दुसऱ्या गोष्टीत बसतं.

मी आधी नवी पेठेत टीव्ही दुरुस्त करायचो, नंतर केबलचा धंदा केला, म्हणून हे आतून सांगू शकतो. दूरदर्शन एकटं होतं तेव्हा छापील वेळापत्रकाची कुणाला फारशी गरज नव्हती. १९८७ च्या जानेवारीत रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झालं, त्याची वेळ सांगायला पेपर लागला नाही. रस्ता रिकामा दिसला की समजायचं. गरज निर्माण झाली ती १९९२ नंतर, झी आली, स्टार आली, मग दक्षिणेच्या वाहिन्या आल्या तेव्हा. आम्ही केबलवाले महिन्याच्या वसुलीला जाताना एक झेरॉक्स कागद वाटायचो. एका बाजूला वाहिन्यांचे क्रमांक, दुसऱ्या बाजूला आमच्या स्वतःच्या चॅनेलवर रात्री कुठला पिक्चर लागणार त्याची यादी, आणि खाली चादरीच्या दुकानाची जाहिरात. त्या जाहिरातीतून कागदाचा खर्च निघायचा. लोक तो कागद टीव्हीच्या मागं भिंतीवर चिकटवायचे. महिन्याच्या मध्यातच एखादी वाहिनी क्रमांक बदलायची, मग फोन सुरू, “अण्णा, उदया कुठं गेलं ओ?”

‘उदया’ म्हणजे कन्नड वाहिनी. तिच्यावरून एक गोष्ट सांगतो, जी पुण्या-मुंबईत बसून वेळापत्रक छापणाऱ्याला कधी कळली नाही. अशोक चौक, कन्ना चौक, विडी घरकुल या भागात घरात तेलुगू बोललं जातं. अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला कन्नड. शाळा मराठीत, बातम्या मराठीत, सिनेमा हिंदीत. यंत्रमागाच्या पाळीवरून आलेला माणूस ईटीव्ही तेलुगू लावतो, त्याची पोरगी झी मराठी मागते, शेजारच्या आक्कांना कन्नड मालिका हवी. या तिघांना एकाच कागदावर आणणारं साप्ताहिक मी तरी कधी पाहिलं नाही. मराठी पेपरात मराठी-हिंदी, हैदराबादच्या पेपरात तेलुगू. सोलापूरच्या एका वाड्याला पुरेल असं वेळापत्रक पाहिजे तर तीन पेपर घ्यावे लागतील! आणि ज्या कार्यक्रमासाठी अख्खं शहर टीव्हीसमोर बसतं, तो सिद्धेश्वराच्या यात्रेतला अक्षता सोहळा, तो स्थानिक केबल चॅनेलवर लागतो. तो कुठल्याच छापील यादीत नसायचा. आजही बॉक्सच्या गाईडमध्ये अशा स्थानिक चॅनेलपुढं बहुतेकदा नुसतं नाव असतं, पुढं रिकामं.

तर मग बॉक्स. केबल डिजिटल करायच्या दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरं होती, त्यात सोलापूर होतं, मुदत ३१ मार्च २०१३. घरोघरी बॉक्स आले आणि बॉक्सबरोबर गाईड आलं. ते चालतं कसं ते थोडक्यात सांगतो. वाहिनी आपलं वेळापत्रक फाईल करून ऑपरेटरला किंवा मधल्या कंपनीला देते. ऑपरेटर ते चित्र-आवाजाच्या सिग्नलबरोबरच बारीक तक्त्यांच्या रूपात सोडतो. तुमचा बॉक्स ते तक्ते वाचून पडद्यावर मांडतो. आत्ता काय आणि नंतर काय हे एका तक्त्यात, पुढच्या दिवसांचं दुसऱ्या तक्त्यात. म्हणून कधी कधी असं दिसतं की आत्ताचं नाव बरोबर आहे आणि उद्याचं सगळं कोरं. बॉक्स बिघडलेला नसतो, ऑपरेटरकडे पुढची फाईल आलेली नसते किंवा त्यानं ती चढवलेली नसते. तक्रार करायची तर त्याच्याकडे करा, रिमोटची बॅटरी बदलत बसू नका.

१ फेब्रुवारी २०१९ पासून आणखी एक फरक पडला. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नव्या नियमानं तुम्ही वाहिन्या निवडून तेवढ्यांचेच पैसे भरता. चांगलं झालं की वाईट, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे (माझं बिल तरी कमी झालं नाही). पण त्यामुळे तुमच्या घरातल्या वाहिन्या आणि शेजाऱ्याच्या घरातल्या वाहिन्या एकसारख्या राहिल्या नाहीत. देशात परवाना असलेल्या वाहिन्या नऊशेच्या घरात आहेत. कुणी उद्या सुंदर, रंगीत, मराठी वेळापत्रक काढलं तरी त्यातलं निम्मं तुम्ही पैसे न भरलेल्या वाहिन्यांचं असेल, आणि क्रमांक तर कुणाचेच जुळणार नाहीत.

यावर कुणी म्हणेल, क्रमांक नकोत, नुसती नावं आणि वेळा द्या. तेही केलं असतं. पण आपल्या वाहिन्या वेळ पाळतात कुठं? सोमवारी साडेआठची मालिका, पुढच्या सोमवारी सात वाजता. रविवारी एक तासाचा विशेष भाग, दोन तासांचा महाएपिसोड. सिनेमाच्या वाहिनीवर दुपारचा पिक्चर सकाळी बदललेला. क्रिकेट लांबलं की मागचं सगळं ढकललं. आठवडाभर आधी छापायला दिलेला कागद मंगळवारी खोटा पडतो. छापणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्या हातात जे दिलं तेच बदललेलं असतं. पेपरातली ‘आजचे कार्यक्रम’ची चौकटसुद्धा आमच्या घरी येणाऱ्या पेपरात आता चार सिनेमे आणि एक सामना एवढ्यावर आली आहे. रोजचा पेपर जिथं नाद सोडतो, तिथं साप्ताहिक काय करणार?

म्हणून सांगतो, आपल्याकडे निव्वळ वेळापत्रकासाठी कुठल्याही छापील अंकाची वर्गणी भरू नका. कुणी दारात येऊन टीव्ही-सिनेमाचं मासिक वर्षभरासाठी गळ्यात मारत असेल, तर आतली पानं चाळा. कुठला कार्यक्रम बघावा आणि का, हे कुणी डोकं वापरून लिहिलं असेल, मुलाखती वाचनीय असतील, तर वाचायचं मासिक म्हणून घ्या. एका बड्या मालिकेच्या फोटोंनी पानं भरली असतील तर चहा पाजून परत पाठवा.

आता तुमच्या घरातल्या खऱ्या अडचणीकडे येतो, वहिनींच्या. अक्षर बारीक दिसतंय हे वर्गणीनं सुटणार नाही. छापील चौकटीतलं अक्षर बॉक्सच्या अक्षराहून बारीक असतं. लेस्टरचा अंक जावईबापूंनी वाचला होता की वहिनींनी, हे एकदा आठवून बघा. आधी डोळे तपासून घ्या. मग केबलवाल्याच्या पोराला बोलावून त्यांच्या आवडीच्या सात-आठ वाहिन्या ‘फेव्हरिट’मध्ये टाकून घ्या. बहुतेक बॉक्समध्ये ही सोय असते, मात्र ती कुणी करून देत नाही. मग नऊशेतून शोधायचं राहत नाही. चालू वाहिनीवर ‘इन्फो’चं बटण दाबलं की आत्ताचा आणि पुढचा कार्यक्रम कळतो, संपूर्ण गाईड उघडावंच लागत नाही. त्या एका बटणावर नखपॉलिशचा ठिपका लावा. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी आज्यांना मी हाच उपाय करून द्यायचो.

आणि गोल काढायची हौस आहेच, तर ती घरच्या घरी करा. मोठा कागद, जाड मार्कर. डावीकडे वाहिनीचं नाव आणि तुमच्या बॉक्सवरचा क्रमांक, उजवीकडे वेळ. रोजच्या मालिका एकदाच लिहायच्या, त्या महिनोनमहिने चालतात. रविवारचा सिनेमा आणि सामना तेवढा शनिवारी रात्री पेन्सिलीनं लिहायचा, म्हणजे खोडता येतो. नातवंडांचं नाव प्रत्येक ओळीपुढं घाला. भांडण मिटवणारं तेच होतं साहेब, अंक नव्हे. नऊची ओळ कुणाची हे आधीच ठरलेलं होतं.

प्रश्न : काका, मी नीलम नगरमध्ये राहते. आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी दर आठवड्याला टीव्हीच्या कार्यक्रमांचं एक पान काढावं असं डोक्यात आहे, मराठी आणि तेलुगू दोन्हींत. झेरॉक्सचा खर्च संघ करेल. यात कायद्याची काही अडचण येते का? आणि ते टिकेल का?
(एक पदवीधर तरुणी, नीलम नगर, सोलापूर)

उत्तर : ताई, मी केबलवाला, वकील नाही, पण या बाबतीत आयर्लंडमधली एक गोष्ट सांगतो. तिथं वाहिन्या आपापलं आठवड्याचं वेळापत्रक फक्त आपापल्या अंकात छापायच्या, दुसऱ्या कुणाला छापू द्यायच्या नाहीत. १९८६ च्या सुमारास ‘मगिल टीव्ही गाईड’ नावाच्या अंकानं सगळ्या वाहिन्या एकत्र छापायला सुरुवात केली. आयर्लंडची आरटीई ही प्रसारण संस्था आणि ब्रिटिश प्रसारक न्यायालयात गेले आणि अंक बंद पाडला. प्रकरण युरोपीय आयोगाकडे गेलं, मग युरोपच्या न्यायालयात. ६ एप्रिल १९९५ ला निकाल लागला तो प्रसारकांच्या विरोधात. लोकांना एकत्रित वेळापत्रक हवं आहे, ते तुम्ही स्वतः काढत नाही आणि दुसऱ्याला काढूही देत नाही, हा आपल्या ताकदीचा गैरवापर आहे, असं न्यायालयानं मानलं. तो निकाल तिकडचा, इकडं तो लागू नाही. पण वेळापत्रकावरून लोक किती टोकाला जातात ते कळतं.

तू विकणार नाहीस, संघातल्या लोकांसाठीच काढणार आहेस. नाव आणि वेळ आपल्या हातानं लिही. वाहिनीचे फोटो, चिन्हं, कथासार यातलं काही उचलू नकोस. पुढं जाहिराती घेऊन विकायचा विचार आला, तर त्या दिवशी एखाद्या वकिलाला विचार.

टिकेल का, हा खरा अवघड प्रश्न आहे. दर आठवड्याला सगळं पान नव्यानं केलंस तर दिवाळीपर्यंत कंटाळशील. दोन पानं कर. पहिलं पान महिन्यातून एकदा, रोजच्या मालिकांचं, दोन्ही भाषांत. दुसरं छोटं पान दर शनिवारी, फक्त बदल आणि रविवारचे सिनेमे. तेलुगूचा मजकूर संघातल्याच एखाद्या आजोबांकडून लिहून घे, तुला टाईप करता येत असलं तरीसुद्धा. त्यांचं नाव खाली आलं की ते दर शनिवारी तुझ्याआधी हजर राहतील. विडी वळणाऱ्या बायका संघात येत असतील तर दुपारच्या पुनःप्रक्षेपणाच्या वेळा अगोदर लिही. संध्याकाळी त्यांचा स्वयंपाक चालू असतो, त्या मालिका दुपारी वळता वळता बघतात. संध्याकाळच्या यादीपेक्षा त्या दोन ओळींसाठी तुझं पान वाचलं जाईल. कन्नडही हळूच घाल, कुणी मागायची वाट बघू नकोस.

प्रश्न : वडिलांच्या ट्रंकेत ‘द इंडियन लिसनर’चे बरेच अंक निघाले, १९४० च्या दशकातले. नुसत्या रेडिओच्या वेळा आहेत. रद्दीत द्यावेत का?
(एक वाचक, बाळीवेस, सोलापूर)

उत्तर : अजिबात नको. मुंबईत १९२७ मध्ये ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ निघालं, त्याच्या जागी डिसेंबर १९३५ पासून ‘इंडियन लिसनर’ आलं आणि १९५८ पासून त्याचंच नाव ‘आकाशवाणी’ झालं. त्या काळातलं बहुतेक गाणं-बोलणं थेट प्रक्षेपित व्हायचं आणि हवेत विरून जायचं. कुठला गवई कुठल्या केंद्रावर कुठल्या तारखेला कुठला राग गायला, याची नोंद कितीतरी ठिकाणी याच कागदांवर उरली आहे. आजच्या वेळापत्रकाची किंमत आठवड्यानं संपते. ऐंशी वर्षांपूर्वीच्या वेळापत्रकाला मात्र संशोधक शोधत येतो.

अंकांची तारीखवार यादी करा आणि ती घेऊन हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा. अंक लगेच उचलून नेऊ नका, आधी यादी दाखवा. तोवर गंजलेल्या पिना अलगद काढा, फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, आणि ट्रंक भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात ओल धरते.